ट्रेलर ओढायचा आणि घरची माणसंही न्यायची

ॲरिझोनात कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणापासून पूर्वेकडे स्टेट रूट ६८ हा रस्ता निघतो. साडेअकरा मैलांत सुमारे ३,००० फूट चढ, दोन्ही बाजूंना उघडं वाळवंट, उन्हाळ्यात पारा १०० फॅरनहाइटच्या वर. अमेरिकेत गाड्यांच्या जाहिरातींत ‘५,००० पौंड ओढते’, ‘८,००० पौंड ओढते’ असे जे आकडे असतात, ते आता बहुतेक या घाटाच्या परीक्षेतून आलेले असतात. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये ‘जे २८०७’ हे मानक काढलं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने आकडा ठरवायची आणि आकड्यांची चढाओढ चालायची. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून हे मानक स्वीकारलं. डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्यांना त्यापुढे आणखी तीन-चार वर्षं लागली. परीक्षा कडक आहे. ट्रेलर जोडलेला, एसी पूर्ण जोरात, आणि साध्या गाडीचा वेग त्या चढावर ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. सपाटीवर शून्यापासून ६० मैलांचा वेग ३० सेकंदांत गाठायचा. १२ टक्के चढावर थांबलेली गाडी पुन्हा पुन्हा हलवून दाखवायची.

आणि या परीक्षेत गाडीत माणसं किती धरतात? दोन. प्रत्येकी १५० पौंडांची. मागच्या सीटवर मुलं नाहीत, तिसऱ्या रांगेत आजी-आजोबा नाहीत, डिकीत कूलर, तंबू, कुकर आणि तांदळाची पिशवी नाही. इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं बळ मोजायला हे ठीक आहे. सहा माणसांचं कुटुंब घेऊन निघणाऱ्याने मात्र तो आकडा जसाच्या तसा धरला तर फसगत ठरलेली.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न आता वरचेवर निघतो. मुलं सात-आठ वर्षांची झाली की कॅम्पिंगची आवड लागते, तंबूत पाठ दुखायला लागली की छोट्या कॅम्परचा विचार सुरू होतो. मिशिगन-मिनेसोटाकडे राहणाऱ्यांना तळ्यावर बोट न्यायची असते. नोकरी बदलून टेक्सासहून सिअॅटलला जाणारे यूहॉलचा ट्रेलर लावतात. गणपतीच्या मिरवणुकीसाठी ढोल-ताशा पथकाचे ढोल एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचे असले की बंद ट्रेलर लागतोच. आणि या सगळ्यात आपल्याकडची खास गोष्ट अशी, की मोठे प्रवास नेमके उन्हाळ्यात होतात, जेव्हा भारतातून आई-बाबा आलेले असतात. म्हणजे ज्या दिवशी ट्रेलर जोडायचा, त्याच दिवशी गाडी सर्वांत भरलेली असते.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. गाडी निवडताना पहिल्यांदा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचावा. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर वजन जाऊ नये. हा आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत तो वेगळा निघतो, कारण काचेचं छप्पर, मोठी चाकं, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा यांचं वजन त्यातून आधीच वजा झालेलं असतं. सर्वांत महाग मॉडेलला सर्वांत कमी सामान नेता येतं, असं त्यामुळे नेहमी दिसतं. विक्रेता हा स्टिकर आपण होऊन दाखवत नाही. दार उघडून आपणच वाचायचा आणि फोटो काढून घ्यायचा.

आता हिशेब. समजा मिनिव्हॅनच्या स्टिकरवर १,३०० पौंड आहेत. चार मोठी माणसं प्रत्येकी १६० पौंडांची, म्हणजे ६४०. दोन मुलं ७० पौंडांची, १४०. सामान २००. ट्रेलर अडकवायची हिच आणि बॉलची जोडणी ५०. उरले २७०. ट्रेलरचं जे वजन गाडीच्या मागच्या टोकावर दाबून बसतं, त्याला टंग वेट म्हणतात. तेही गाडीचं सामानच धरलं जातं आणि या २७० मध्येच बसवावं लागतं. अमेरिकेतल्या नेहमीच्या ट्रेलरसाठी टंग वेट ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. १३ टक्के धरले तर ट्रेलर २,००० पौंडांच्या आसपासच येतो. जाहिरातीत याच गाडीपुढे ३,५०० लिहिलेलं असतं. होंडाच्या काही माहितीपुस्तिकांत तर तक्ताच दिलेला असतो: गाडीत दोन माणसं असतील तर ट्रेलर इतका, तीन असतील तर इतका, चार असतील तर आणखी कमी. इतका सरळ तक्ता प्रत्येक कंपनीने छापायला हवा.

टंग वेट कमी ठेवून ही अडचण सोडवता येत नाही, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बैलगाडी भरणारा हे जाणतो. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे गेला की धुरजड होते आणि बैलांच्या माना मोडतात. ट्रेलरचं तसंच आहे, फक्त वेग ताशी ६० मैलांचा असतो. टंग वेट कमी पडलं की ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागतो, प्रत्येक झोक्यागणिक जास्त, आणि शेवटी गाडीची मागची बाजू आपल्याबरोबर ओढून नेतो. असं डोलणं सुरू झालं तर गाडीचा ब्रेक दाबू नये, स्टिअरिंगने झोका मोडायला जाऊ नये. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचलावा, स्टिअरिंग सरळ धरावं, आणि ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा कंट्रोलर असेल तर तो हाताने दाबावा. पण खरा उपाय निघण्याआधीचा: जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे, खाली, घट्ट बांधलेलं.

युरोपात हे गणित वेगळं आहे, आणि तिकडचे आकडे इकडे आणून बरेच जण गोंधळतात. तीच गाडी जर्मनीत इथल्यापेक्षा जास्त वजन ओढायला परवानगी असलेली दिसते. तिथले कॅरव्हॅन वेगळ्या रीतीने तोललेले असतात, हिचवरचा भार चार ते सात टक्केच ठेवतात, आणि त्या बदल्यात वेग कमी असतो. जर्मनीत ट्रेलर लावलेल्या गाडीला सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटर आणि ठरावीक अटी पूर्ण केल्या तर १०० किलोमीटर चालतात. अमेरिकेत लोक ट्रेलर लावूनही ७० मैलांनी जातात, जरी ट्रेलरच्या अनेक टायरांची मर्यादा ६५ मैलांची असली तरी. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावलेल्या गाडीला ५५ मैलांची कायद्याची मर्यादा आहे. ती पाळणारे कमी दिसतात, पण ती योग्य आहे.

आता गाड्या.

आधी थोडं मागे जायला हवं, कारण आजची निवड एका कायद्याने घडवली आहे. १९६०-७० च्या दशकांत अमेरिकन कुटुंब ट्रेलर ओढायचं ते लांबलचक स्टेशन वॅगनने. आठ सिलिंडरचं इंजिन, मजबूत चौकट, जमिनीलगतचं वजन. १९७५ मध्ये इंधन वाचवण्याचा कायदा आला आणि १९७८ च्या मॉडेलांपासून कारना सरासरी मायलेजचं बंधन लागलं. ‘हलका ट्रक’ या वर्गाला ते सैल होतं. मोठ्या वॅगन मागे पडल्या. ब्यूक रोडमास्टर आणि शेवरोले कॅप्रीस या शेवटच्या दोन मोठ्या वॅगन १९९६ मध्ये बंद झाल्या. रोडमास्टर योग्य पॅकेजसह ५,००० पौंड ओढायची. अशा वॅगनची जागा आधी मिनिव्हॅनने आणि मग एसयूव्हीने घेतली. उंच गाडी म्हणजे ओढायला चांगली, ही समजूत या बदलातून रुजली. स्थिरतेच्या दृष्टीने पाहिलं तर पुढच्या-मागच्या चाकांमधलं लांब अंतर, मागच्या चाकांपासून हिचपर्यंतचं कमी अंतर आणि खाली असलेलं वजन, या तीन गोष्टी जास्त मोलाच्या आहेत.

यामुळेच मी मिनिव्हॅनची बाजू घेतो, आणि ती मनापासून घेतो. होंडा ओडिसी, टोयोटा सिएना, किया कार्निव्हल या तिन्ही ३,५०० पौंडांच्या, क्रायस्लर पॅसिफिका पेट्रोलवर ३,६०० पर्यंत. पॅसिफिकाची प्लग-इन हायब्रिड मात्र ट्रेलरसाठी कंपनीनेच नको म्हटलेली आहे, आणि सिएना पूर्ण हायब्रिड असूनही ३,५०० ओढते. म्हणजे ‘हायब्रिड’ एवढ्या शब्दावरून काही ठरवता येत नाही. मिनिव्हॅनमध्ये गुडघे दुखणारी आजी साडी नेसून सहज चढते. तिसऱ्या रांगेमागे खोल खड्डा असतो, त्यात खरोखरचं सामान मावतं. कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर ट्रेलर सोडून चार दिवस याच गाडीतून फिरायचं असतं, हा मुद्दा गाडी निवडताना विसरला जातो. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या घाटात गाडी आणि ट्रेलर मिळून २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे. म्हणजे तिथे ट्रेलर मागे ठेवूनच जावं लागतं.

मिनिव्हॅनबद्दल एक वेगळा पंथही आहे. कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या लंडन शहरात एक ट्रेलर विक्रेते अनेक वर्षं मिनिव्हॅन आणि सेडानच्या हिचला खालून जादा आधार जोडून, भार पुढच्या चाकांपर्यंत वाटणारी हिच लावून, कंपनीच्या आकड्यापेक्षा बरेच मोठे एअरस्ट्रीम ट्रेलर ओढण्याची तयारी करून देतात. लांब, बुटकी गाडी आणि गोलसर ट्रेलर ही जोडी ट्रकपेक्षा स्थिर चालते, असं ते सांगतात. त्यांच्या तंत्रात तथ्य आहे. पण नवी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला मी त्या वाटेने जायला सांगणार नाही. गिअरबॉक्स तापून गेला तर कंपनीची हमी उपयोगाला येणार नाही, आणि अपघात झाला तर मर्यादा ओलांडल्याचा प्रश्न पहिला विचारला जाईल.

मध्यम आकाराच्या तीन रांगांच्या एसयूव्ही हा आज सर्वाधिक घेतला जाणारा पर्याय. टोयोटा हायलँडर, होंडा पायलट, किया टेल्युराइड, सुबारू असेंट, फोक्सवॅगन ॲटलस, सगळ्या ५,००० पौंडांच्या घरात. पण अटी वाचाव्यात. पायलट चारही चाकांना ताकद देणारी असेल तरच ५,०००, नाहीतर ३,५००. हायलँडर हायब्रिड ३,५००. फोर्ड एक्सप्लोररला टो पॅकेज, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीची जादा जोडणी, असेल तरच पूर्ण आकडा. या गाड्यांच्या स्टिकरवर साधारण १,२०० ते १,६०० पौंड असतात आणि हिचवरच्या भाराची मर्यादा बहुतेकदा ५०० पौंड. चौघांच्या कुटुंबाला चार हजार पौंडांपर्यंतचा ट्रेलर यात आरामात बसतो. सहा जण बसले की पुन्हा साडेतीन हजारांवर किंवा खाली, शिवाय तिसऱ्या रांगेमागे किराण्याच्या चार पिशव्यांपुरतीच जागा. चौघांसाठी या गाड्या उत्तम. सहांसाठी ट्रेलर बाजूला ठेवला तरी मला त्या अपुऱ्या वाटतात.

लहान एसयूव्हींबद्दल थोडक्यात: साधी आरएव्ही ४ आणि सीआर-व्ही १,५०० पौंडांच्या वर्गातल्या. सायकली, कचरा, छोटा उघडा ट्रेलर यांसाठी ठीक. कॅम्परसाठी नको.

वरच्या टोकाला चौकटीवर बांधलेल्या मोठ्या गाड्या आहेत: शेवरोले टाहो, फोर्ड एक्सपिडिशन, टोयोटा सिक्वोया, आठ-नऊ हजार पौंड ओढणाऱ्या. किंमत ६०,००० डॉलरच्या आसपास सुरू होते आणि पेट्रोल रोज लागतं, ट्रेलर असो वा नसो. सिक्वोयाची हायब्रिड बॅटरी मागच्या बाजूला असल्यामुळे तिसरी रांग आणि सामानाची जागा दोन्ही आखडली आहे; इतक्या मोठ्या गाडीत ही उणीव खटकते. ज्यांच्याकडे २५ फुटांचा ट्रेलर आहे आणि महिन्यातून दोनदा बाहेर पडतात, त्यांनी याच घ्याव्यात. पिकअप ट्रकच्या ओढण्याच्या सामर्थ्याचा प्रश्नच नाही, एफ-१५० योग्य जोडणीने १३,००० पौंडांच्याही वर जाते. पण पाच-सहा जागांपुढे ती जात नाही, आणि चामड्याच्या सीटांनी सजवलेल्या मॉडेलचा स्टिकर वाचला तर अनेकदा मिनिव्हॅनपेक्षा दोन-तीनशे पौंडच जास्त दिसतात.

विजेच्या गाड्या ओढण्यात कमी नाहीत. मोटारचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, उंचीवर हवा विरळ झाली तरी तो घटत नाही. पेट्रोलच्या साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के कमी होते. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे हा फरक पायाला जाणवतो. टेस्ला मॉडेल वाय ३,५००, मॉडेल एक्स ५,०००, रिव्हियन आर१एस ७,७०० पौंड. पण उंच, चौकोनी ट्रेलर लावला की एका चार्जमध्ये जाणारं अंतर निम्म्यावर येतं, आणि बहुतेक चार्जिंगच्या जागा अशा आखलेल्या आहेत की आधी ट्रेलर सोडून बाजूला उभा करावा लागतो. मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन दिवसातून चारदा हे करणं सोपं नाही. घरापासून शंभर मैलांच्या आतलं तळं असेल तर विजेची गाडी उत्तम. यलोस्टोनला जायचं असेल तर अजून नाही.

या सगळ्यात ट्रेलरची निवड आधी आणि गाडीची नंतर, हा क्रम मला बरोबर वाटतो, आणि ट्रेलर निवडताना ‘रिकामं वजन’ नावाच्या आकड्याकडे पाहूच नये. त्यात पाणी नाही, अंथरुणं नाहीत, भांडी नाहीत, आणि अनेकदा बॅटरीही नाही. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांहून जड असतं. २० गॅलनची टाकी भरली की १६० पौंडांच्या वर गेले. हिशेब नेहमी ट्रेलरच्या भरलेल्या कमाल वजनाचा करावा, ते त्याच्या पाटीवर छापलेलं असतं. एअरस्ट्रीमचा बेसकॅम्प १६ रिकामा २,६५० पौंडांचा, भरून ३,५००. वजनाइतकीच हवाही मोजावी लागते. पथकाचे ढोल हलके असतात, पण बंद ट्रेलरची सपाट भिंत ६० मैलांच्या वेगाने हवा ढकलते, आणि त्यावर सगळं पेट्रोल जातं. म्हणूनच काही कंपन्या ट्रेलरच्या समोरच्या बाजूच्या क्षेत्रफळावरही मर्यादा घालतात.

खरं तर अनेक घरांनी ट्रेलर विकत घेऊच नये. १९४५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या रिजफिल्डमध्ये शोन दांपत्याने सुरू केलेली यूहॉल आज जवळपास प्रत्येक गावात आहे. तिचा पाच बाय आठ फुटांचा बंद ट्रेलर रिकामा ९०० पौंड, भरून २,७०० पर्यंत. त्या ट्रेलरांना ५५ मैलांची मर्यादा आहे. कॅम्परही आता मालकांकडून भाड्याने मिळतात, आणि बरेच मालक कॅम्पग्राउंडवर आणून, पाणी-वीज जोडून देतात. वर्षातून दोनदाच जाणाऱ्या कुटुंबाला हे सर्वांत शहाणपणाचं, कारण मग गाडी रोजच्या गरजेनुसार घेता येते. भाड्याची गाडी घेऊन तिला ट्रेलर लावू असा बेत मात्र करू नये. नेहमीच्या भाडे कंपन्यांच्या करारात ते मना असतं.

विकत घ्यायचंच ठरलं तर टो पॅकेज कारखान्यातूनच घ्यावं. बाहेरून हिच बसवली की बॉल लावायला जागा मिळते, पण पॅकेजबरोबर येणारा गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर, मोठा पंखा, ट्रेलरच्या ब्रेकसाठीची सात पिनांची वायरिंग, या गोष्टी मिळतातच असं नाही. चार पिनांच्या जोडणीने फक्त दिवे चालतात. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं बंधनकारक आहे, कॅलिफोर्नियात कॅम्परसाठी ती रेषा १,५०० पौंडांवर आहे. माझ्या मते २,००० पौंडांच्या कुठल्याही ट्रेलरला ब्रेक असावेतच, कायदा काहीही म्हणो. मागची बाजू खचते म्हणून स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या बसवतात. त्याने गाडी सपाट दिसते, स्टिकरवरचा आकडा वाढत नाही.

जुनी गाडी घेत असाल तर विक्रेत्याच्या ‘हिच आहे ना’ या उत्तरावर थांबू नका. गाडीच्या क्रमांकावरून डीलर मूळ जोडणीची यादी काढून देतो, ती मागा. गिअरबॉक्सचं तेल तपासून घ्या. गडद आणि जळकट वासाचं असेल तर ती गाडी सोडा, किंमत कितीही चांगली असली तरी. आणि सगळं जमून आल्यावर पहिल्या मोठ्या प्रवासाआधी एका रविवारी सकाळी सगळी माणसं, सगळं सामान आणि भरलेला ट्रेलर घेऊन हमरस्त्यावरच्या ट्रक स्टॉपवर जा. तिथे कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. गाडीची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर वेगवेगळ्या फळ्यांवर उभे राहतात आणि तिन्हींचं वजन छापून हातात मिळतं. मग ट्रेलर सोडून फक्त गाडीचं वजन पुन्हा घ्या. पहिल्या खेपेतलं गाडीच्या चारही चाकांवरचं वजन वजा दुसरं वजन, हा तुमच्या हिचवरचा खरा भार. जास्त निघाला तर पाणी कॅम्पग्राउंडवर भरा आणि जड पेट्या थोड्या मागे सरकवा. कमी निघाला तर त्याच पेट्या पुढे घ्या, आणि निघण्याआधी पुन्हा एकदा वजन करा.